वेल्डिंगच्या केबलचा जोड गरम का होतो आणि तो पक्का कसा करायचा

होल्डरची, म्हणजे वेल्डिंगचा रॉड धरणाऱ्या चिमट्याची, मूठ पाचव्या-सहाव्या रॉडला कोमट लागायला लागली, की बहुतेक वेल्डर पहिल्यांदा मशीनकडे बघतात. करंट थोडा वाढवतात. आर्क जरा सुधारतो, मूठ आणखी तापते. मग रॉड ओले आहेत असं ठरतं, मग व्होल्टेज कमी येतंय असं ठरतं, आणि शेवटी मशीन जुनं झालं म्हणून सगळं बिल त्याच्या नावावर फाडलं जातं.

माझ्या शेडमध्ये उसाच्या ट्रॉल्या होतात. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या आधीचे दोन महिने आम्हाला मान वर करायला फुरसत नसते. अशाच एका हंगामात माझं ट्रान्सफॉर्मर मशीन दगा द्यायला लागलं. दहा नंबरचा रॉड पत्र्याला चिकटून बसायचा. मशीन टेम्पोत घातलं, शहरातल्या दुरुस्तीवाल्या मिस्त्रींकडे नेलं. दोन दिवस काम बंद. तिसऱ्या दिवशी मिस्त्री म्हणाले, "मशीन ठणठणीत आहे, पुढच्या खेपेला लीड घेऊन या." शेडवर येऊन लीडच्या, म्हणजे मशीनपासून होल्डरपर्यंत जाणाऱ्या केबलच्या, मशीनकडच्या टोकाची चिकटपट्टी सोडली आणि थिंबल, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेली भोकाची तांब्याची टोपी, जरा हलवलं, तर तारांचा अर्धा जुडगा हातात आला. काळा पडलेला, चुरगाळला तर भुगा होणारा. चिकटपट्टीखाली तो कधीपासून जळत होता कुणास ठाऊक. तेव्हापासून शेडमधला प्रत्येक जोड मी स्वतः करतो किंवा स्वतः तपासतो, आणि त्यात जे शिकलो ते इथे सविस्तर लिहितोय.

जोडात नेमकं काय होतं

दहा नंबरच्या, म्हणजे ३.१५ मिमीच्या रॉडला ९० ते १३० अ‍ॅम्पियर लागतात. आठ नंबरच्या ४ मिमीला १४० ते १८०. घरातला मिक्सर दोन-तीन अ‍ॅम्पियरवर चालतो. एवढा मोठा करंट जिथून जातो तिथे थोडासाही विरोध असला तर उष्णता तयार होते, आणि ती करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. करंट दुप्पट केला तर तोच जोड चौपट तापतो.

आकड्यात सांगतो. जोडाचा विरोध फक्त ५ मिलीओहम धरा. २०० अ‍ॅम्पियर जाताना त्या एका जागी २०० वॅट उष्णता होते. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडची साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. म्हणजे तसल्या आठ आयर्न एका थिंबलात खुपसून ठेवल्यासारखं झालं. जोड उत्तम असेल तर हाच विरोध एका मिलीओहमच्या छोट्याशा अंशाइतका राहतो आणि थिंबल फार तर केबलइतकंच कोमट होतं.

जोड एकदा तापायला लागला की आपणहून सुधारत नाही. तांबं तापलं की काळं पडतं, काळा थर करंट अडवतो, त्यामुळे जोड आणखी तापतो. शिवाय काम चालू असताना धातू फुगतो, थांबलं की आकसतो. या रोजच्या ये-जा मध्ये बोल्ट आणि स्क्रू हळूहळू सैल पडतात. पक्का जोड म्हणजे उजळ तांब्यावर उजळ तांबं, मध्ये दुसरं काही नाही, आणि दाब एवढा की केबल कशीही ओढली तरी आतली एकही तार हलत नाही. पुढचं सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

हात लावण्याआधी

मशीनचं बटण बंद करून भागत नाही, मेन सप्लायचा प्लग काढा किंवा स्विच पाडून ठेवा. वेल्डिंग मशीनवर रॉड टेकलेला नसताना साधारण ६० ते ८० व्होल्ट असतात. कोरड्या दिवसात, कोरड्या हातमोज्यात ते जाणवत नाहीत. पावसाळ्यात घामेजलेला हात आणि ओली जमीन असली तर हेच व्होल्ट माणसाचा जीव घ्यायला पुरेसे आहेत. जोड करणारा माणूस आणि स्विच चालू करणारा माणूस एकच असावा, नाहीतर प्लग तरी काढून स्वतःजवळ ठेवावा.

केबल खरी आहे का

जोड कितीही चांगला केला तरी केबल खोटी असेल तर श्रम वाया जातात. वेल्डिंग केबलला आपल्याकडे आयएस ९८५७ हे मानक आहे. त्यात तांब्याची केबल असते तशी अ‍ॅल्युमिनियमचीही असते. अ‍ॅल्युमिनियम स्वस्त आणि हलकं, पण त्याचा विरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. शिवाय ते सोलल्या क्षणी त्यावर न दिसणारा कठीण थर बसतो, आणि त्या थरातून करंट जायला तयार नसतो. अ‍ॅल्युमिनियम केबल वापरायचीच असेल तर दोन धातूंचं बायमेटल थिंबल आणि जोडाची पेस्ट घ्या. साधं तांब्याचं थिंबल त्यावर ठोकू नका, पावसाळ्यात दोन धातूंच्या मध्ये पाणी शिरलं की जोड आतून खाल्ला जातो.

बाजारात वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियम तारांची केबलही मिळते. टोकाची एक तार घ्या, पट्टीवर ठेवून ब्लेडने खरवडा. लाल रंगाखाली पांढरं निघालं तर केबल परत करा. वजनावरूनही कळतं. ३५ स्क्वेअर एमएमच्या (म्हणजे तारांच्या छेदाचं क्षेत्रफळ ३५ चौरस मिमी असलेल्या) केबलच्या एका मीटरमध्ये तांबंच सुमारे ३१० ग्रॅम असतं, वरच्या रबराचं वजन वेगळं.

कोणती साइज घ्यायची याचा माझ्या शेडपुरता हिशोब असा: दीडशे अ‍ॅम्पियरपर्यंत आणि जवळचं काम असेल तर २५ स्क्वेअर, दोनशेपर्यंत ३५, तीनशेपर्यंत ५०, त्यापुढे ७०. लीड लांब असली तर एक पायरी वर. १२० अ‍ॅम्पियरला होल्डरची लीड २५ मीटर आणि अर्थिंगची, म्हणजे करंट मशीनकडे परत आणणारी, २५ मीटर धरली तर ३५ स्क्वेअरमध्ये साधारण ३.३ व्होल्ट वाटेतच जातात, २५ स्क्वेअरमध्ये ४.७, आणि कुणी १६ स्क्वेअर वापरली तर सात व्होल्टच्या पुढे. आर्क स्वतः जेमतेम २२ ते २५ व्होल्टवर चालतो. सात व्होल्ट वाटेत सांडले तर रॉड चिकटणारच.

थिंबल बसवणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश सांगतो. कॅटलॉगमध्ये याला लग म्हणतात, दुकानात थिंबल मागितलं तरी मिळतं. तांब्याच्या नळीचं, वरून कल्हई केलेलं, भोकाची बाजू जाड असलेलं घ्या. पातळ पत्र्याचं, मधोमध चीर असलेलं थिंबल घरच्या वायरिंगचं असतं. ते वेल्डिंगला चालत नाही.

जुन्या केबलवर करत असाल तर आधी काळा भाग कापून टाका. किती कापायचं? तारा उजळ, गुलाबी-लाल दिसेपर्यंत. कधी चार बोटं, कधी हातभर. केबल महाग असते म्हणून जीव तुटतो, पण काळ्या तारेवर दाबलेलं थिंबल महिन्याभरात पुन्हा तापतं. केबल कटरने किंवा बारीक दात्याच्या हॅक्सॉने सरळ कापा. टोक तिरकं राहिलं तर अर्ध्या तारा नळीच्या तळापर्यंत पोचत नाहीत.

आता थिंबलाच्या नळीची खोली मोजा. केबलवर तेवढी खूण करा आणि दोन-तीन मिमी जास्त धरा. रबर सोलताना कटर गोल फिरवा, पण पूर्ण आरपार जाऊ देऊ नका. जाडीच्या तीन-चतुर्थांश खोल चीर पाडा, मग केबल त्या चिरेवर वाकवा, उरलेलं रबर आपणहून फाटतं. आत बऱ्याचदा पातळ प्लास्टिकची किंवा कागदाची पट्टी गुंडाळलेली असते. ती पूर्ण काढा. तिचा तुकडा तारांसोबत आत राहिला तर जोडाच्या मधोमध इन्सुलेशन बसतं.

तारा मोजून बघण्यासारख्या असतात. प्रत्येक तार ०.२ मिमीची धरली तर ३५ स्क्वेअरमध्ये अकराशेच्या आसपास तारा भरतात. ब्लेड खोल गेलं आणि शंभर तारा तुटल्या तर केबल तिथे जवळपास दहा टक्क्यांनी बारीक झाली. तुटलेल्या तारा ओंजळीत दिसल्या तर तो तुकडा कापून पुन्हा सोला.

तारा ज्या दिशेने पिळलेल्या आहेत त्याच दिशेला हलकाच पीळ द्या, जुडगा गोल झाला पाहिजे. तेलकट हात लावू नका. आता थिंबल चढवा. बारीक तारांचा जुडगा थोडा फुगीर असतो, त्यामुळे जाड तारांच्या केबलसाठी बनवलेल्या थिंबलात तो कधीकधी जात नाही. अशा वेळी कडेच्या पन्नास-साठ तारा कापून तो आत घालण्याची सवय खूप जणांना आहे. ती सोडा. दुकानदाराकडे लवचिक केबलसाठीचं, तोंड जरा पसरट असलेलं थिंबल मागा. याच्या उलट, ३५ च्या केबलवर ७० चं थिंबल घालून वरून मोकळ्या तारांचे तुकडे ठासणंही बंद करा. नळीला बघायचं छोटं भोक असेल तर त्यातून तांबं दिसलं पाहिजे, आणि रबराची कड नळीच्या तोंडापर्यंत आली पाहिजे, आत नाही.

दाबायला क्रिम्पिंग टूल वापरा, म्हणजे षटकोनी डायमध्ये (साच्यात) नळी चेपणारं हत्यार. लांब दांड्यांचं हाताचं टूल ३५-५० स्क्वेअरपर्यंत पुरतं, त्यापुढे हायड्रॉलिक बरं. डायवर जी साइज लिहिली आहे तीच थिंबलावर असली पाहिजे. पहिला दाब भोकाच्या बाजूला, दुसरा केबलच्या तोंडाकडे. उलट क्रमाने केलं तर तांबं आत ढकललं जायला जागा उरत नाही आणि तारा बाहेर सरकतात. डाय पूर्ण बंद होईपर्यंत दाबा, मध्येच सोडू नका. दाबल्यावर कडेला पंखासारखं तांबं बाहेर आलं असेल तर डाय लहान पडली आहे. पंख कानशीने घासून टाकता येतो, पण पुढच्या वेळी डाय बदला.

छन्नी-हातोड्याने ठोकून केलेलं क्रिम्पिंग मी अनेक ठिकाणी पाहिलंय. वरून नळी चेपलेली दिसते, आत दोन्ही कडांना मोकळी जागा असते. खात्री करायची असेल तर एक थिंबल बळी द्या. तुमच्या नेहमीच्या पद्धतीने दाबा आणि दाबलेल्या भागातून हॅक्सॉने आडवं कापा. कापलेली बाजू पॉलिश पेपरवर घासून उजेडात धरा. टूलने नीट दाबलेलं असेल तर तारा वेगळ्या दिसतच नाहीत, मधमाशीच्या पोळ्यासारख्या एकमेकींत बसून भरीव तांब्याचा गोळा दिसतो. ठोकलेल्या थिंबलात तारांमध्ये काळ्या फटी दिसतात. माझ्याकडे शिकायला आलेल्या आयटीआयच्या प्रत्येक मुलाला मी पहिल्या आठवड्यात हे कापायला लावतो. तोंडी कितीही सांगितलं तरी पटत नाही, ती काळी फट बघितली की पटतं.

थिंबलात सोल्डर ओतावं का? जुने मिस्त्री ओतायचे, आणि त्यांचे काही जोड वर्षानुवर्षं टिकलेही. पण सोल्डर तारांमधून वर चढतं आणि रबराच्या आत बोटभर केबल काठीसारखी कडक होते. लीड रोज वाकते. जिथे कडक भाग संपून मऊ भाग सुरू होतो तिथेच तारा एकेक करून तुटतात. आणि नेहमीचं कथील-शिशाचं सोल्डर १८३ अंशांना मऊ पडायला लागतं, म्हणजे जोड तापला की ऐन कामात ते वितळून बाहेर येतं. हलत्या लीडला फक्त क्रिम्पिंग हेच माझं मत.

शेवटी केबल व्हाइसमध्ये मऊ जबड्यात धरा, थिंबलाच्या भोकात बोल्ट घालून दोन्ही हातांनी जोर लावून ओढा. मिमीभरही सरकलं तर कापा आणि नव्याने करा. मग आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवल्यावर आकसून घट्ट बसणारी बाही, चढवा. निम्मी नळीवर, निम्मी रबरावर येऊ द्या. ही स्लीव्ह थिंबल बसवण्याआधी केबलवर ओवून ठेवली तर सोपं जातं. साधी काळी चिकटपट्टी आमच्याकडच्या उन्हात दोन महिन्यांत चिकट लगदा होते, आणि आत काय जळतंय ते झाकून ठेवते.

मशीनच्या स्टडवर

जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनला केबल लावायला स्टड (आट्यांचा दांडा) आणि नट असतात. इथली एक चूक मी इतक्या मशीनवर पाहिली आहे की मोजदाद राहिली नाही: थिंबल आणि मशीनची पितळी चकती यांच्या मध्ये लोखंडी वायसर. करंटला त्या वायसरमधून जावं लागतं. लोखंडाचा विरोध तांब्याच्या कित्येक पट, वर गंज. आधी थिंबल थेट मशीनच्या चकतीवर, त्यावर सपाट वायसर, त्यावर स्प्रिंग वायसर, मग नट. हाच क्रम. दोन्ही स्पर्श करणाऱ्या बाजू बारीक पॉलिश पेपरने फक्त उजळा, थिंबलाची कल्हई घासून काढू नका.

थिंबलाचं भोक स्टडच्या मापाचं असावं. १० मिमीच्या स्टडवर १६ मिमी भोकाचं थिंबल बसवलं तर टेकायला जागाच उरत नाही. भोक लहान आहे म्हणून ड्रिलने मोठं करताना कडेचं तांबं किती उरतं ते बघा. नट पक्कडीने न आवळता पान्याने आवळा, आणि मशीनची चकती फिरणार नाही म्हणून आतल्या चेक नटला दुसरा पाना लावा. स्टड फिरला तर मशीनच्या आतला जोड सैल होतो आणि तो बाहेरून दिसत नाही.

फिरवून लावायचे कनेक्टर

इन्व्हर्टर मशीनवर आता सगळीकडे हेच असतात. लहान मशीनला ९ मिमी पिनचे, मोठ्याला १३ मिमीचे. कनेक्टरवर केबलची साइज छापलेली असते, उदाहरणार्थ १०-२५ किंवा ३५-५०. ती आणि आपली केबल जुळली पाहिजे.

पहिलं काम, रबरी बूट केबलवर ओवून मागे सरकवा. सगळं आवळून झाल्यावर बूट टेबलावरच राहिल्याचं लक्षात येतं, आणि घाईत तसंच उघडं वापरलं जातं. बूट घट्ट असेल तर साबणाचं पाणी लावा, तेल-ग्रीस नको, त्याने रबर फुगतं.

कनेक्टरसोबत पातळ तांब्याची पट्टी किंवा नळी येते. ती पॅकिंगचा कचरा समजून फेकली जाते. ती तारांच्या जुडग्याभोवती गुंडाळायची असते. स्क्रू थेट तारांवर आला तर फिरताना तारा कापतो आणि बाजूला सारतो. पट्टीमुळे जुडगा एकसंध राहून दाबला जातो. पट्टी हरवली असेल तर पातळ तांब्याचा पत्रा कापून घ्या. तारा तळापर्यंत गेल्यावर अ‍ॅलन कीने दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एक पूर्ण आवळून मग दुसरा असं नको. क्रिम्पिंगपेक्षा हा जोड वेगळा आहे, इथे तारा काही तासांत दबून बसतात आणि स्क्रू सैल वाटतो. म्हणून एक दिवस काम झाल्यावर बूट मागे सारून स्क्रू पुन्हा आवळायचा. पहिल्यांदा पाव ते अर्धा आटा नक्की फिरतो.

मशीनमध्ये लावताना पिनेवरचा उंचवटा खाचेत घाला, आत दाबा आणि घड्याळाच्या दिशेने घट्ट होईपर्यंत फिरवा. नुसतं आत ढकलून ठेवलेला कनेक्टर चालतो, आर्कही लागतो, पण पिन कडेला जेमतेम टेकलेली असते आणि मशीनचं सॉकेट आतून जळतं. फिरवून शेवटपर्यंत गेला आणि तरी घट्ट झाला नाही, तर पिनेची चढण झिजली आहे. जळालेल्या सॉकेटात नवी पिन घातली तर नवी पिनही जळते, दोन्ही एकदम बदला.

होल्डर

होल्डर सगळ्यात जास्त वाकतो, पडतो, ओढला जातो. मूठ काढा, आतला पितळी तुकडा आणि स्क्रू बघा. इथेही तांब्याची पट्टी गुंडाळूनच तारा घालायच्या. तारा दुमडून जाडी वाढवण्यापेक्षा योग्य मापाचा होल्डर घ्या. रॉड धरणारे जबडे खाल्लेले असतील, दात झिजले असतील, तर मागचा जोड कितीही पक्का असला तरी मूठ तापते, कारण उष्णता पुढून येते. मूठ पुढून गरम आहे की मागून, ते आधी बघा. पुढून असेल तर जबडे किंवा स्प्रिंग, मागून असेल तर केबलचा जोड.

मुठीच्या मागे केबल रोज एकाच जागी वाकते. दर दोन-तीन महिन्यांनी तिथला हातभर तुकडा कापून नव्याने बसवला तर लीड दुप्पट टिकते. तिथे बोटांनी दाबत पुढे गेलात तर तुटलेल्या तारांची जागा मऊ, पोकळ लागते.

अर्थिंगचा क्लॅम्प

आम्ही सगळे याला अर्थिंग म्हणतो, पण हा करंटचा परतीचा रस्ता आहे. होल्डरमधून जितका करंट गेला तितकाच यातून परत येतो. तरी होल्डरला नवी केबल आणि अर्थिंगला जुने तुकडे जोडून काढलेली लीड, असं बऱ्याच शेडमध्ये दिसतं. काही जण तर लोखंडी पट्टी किंवा सळई टाकतात. दोन्ही लीड एकाच साइजच्या हव्यात.

स्प्रिंगच्या क्लॅम्पमध्ये केबल एका जबड्याला जोडलेली असते, दुसरा जबडा तांब्याच्या विणलेल्या पट्टीने जोडलेला असतो. ती पट्टी तुटली की करंट स्प्रिंगमधून जातो, स्प्रिंग तापून मऊ पडते आणि पकड जाते. जाड कामाला मी स्क्रूने आवळायचा सी क्लॅम्प वापरतो. क्लॅम्प लावायची जागा ग्राइंडरने चांदीसारखी करा. रंग, गंज आणि नव्या पत्र्यावरची निळसर-काळी पापडी, तिन्ही करंट अडवतात.

क्लॅम्प वेल्डच्या जितका जवळ तितका चांगला. ट्रॉलीवर काम करताना क्लॅम्प चेसिसला लावा, चाकाला किंवा हबला नको. करंट बेअरिंगमधून गेला तर आतल्या गोळ्यांवर बारीक खड्डे पडतात आणि बेअरिंग काही महिन्यांत आवाज करायला लागतं. ट्रॅक्टरला जोडलेल्या अवजारावर वेल्ड करायचं असेल तर आधी बॅटरीची टोकं आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडा. क्रेनची साखळी, वायर रोप यांमधून परतीचा करंट कधीच जाऊ देऊ नका.

परतीचा रस्ता सैल पडला की करंट दुसरा रस्ता शोधतो. एकदा आमच्या ट्रॉलीवर टेकवून ठेवलेल्या ग्राइंडरची हिरवी अर्थ वायर प्लगपर्यंत वितळली. ग्राइंडर बंद होता. अर्थिंगचा क्लॅम्प रंगावर लावला होता, म्हणून वेल्डिंगचा करंट ग्राइंडरच्या बॉडीतून त्या बारीक वायरने परत निघाला होता. मशीनच्या बॉडीची सुरक्षेची अर्थ वायर ही स्वतंत्र गोष्ट आहे. ती काढून इथे वापरायची नाही, आणि क्लॅम्प तिची जागा घेऊ शकत नाही.

लीड वाढवायची तर

दोन केबल सोलून, पीळ देऊन, वर चिकटपट्टी, हा जोड करूच नका. कारखान्याच्या यार्डात असा जोड बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, पडला तर धूर दिसेपर्यंत आत आग धुमसत असते. वाढवायला फिरवायच्या कनेक्टरची जोडी वापरा. मशीनच्या बाजूने येणाऱ्या टोकाला आत गेलेलं, म्हणजे फिमेल, आणि कामाच्या बाजूच्या तुकड्याला पिनेचं मेल. उलट लावलं तर जोडी सुटल्यावर व्होल्टेज असलेली उघडी पिन जमिनीवर पडून राहते.

होल्डरच्या जवळ जोड नसावा. अमेरिकेच्या ओशा या संस्थेचा नियम होल्डरपासून १० फुटांच्या आत जोड असलेली केबल वापरू नये असा आहे, आणि तो आपणही पाळावा असाच आहे, कारण तेवढी केबल वेल्डरच्या खांद्यावर, मांडीवर असते. उरलेली लीड गुंडाळीच्या गुंडाळी ठेवून काम करू नका, आतले वेढे थंड होत नाहीत. जमिनीवर लांब, सैल नागमोडी पसरा.

जोड मोजून बघणं

मल्टिमीटर ओहमवर ठेवून जोड तपासता येत नाही. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच विरोध आपल्या जोडाच्या शेकडो पट असतो. त्याऐवजी करंट वाहत असताना जोडावर किती व्होल्टेज पडतं ते बघायचं. डीसी मशीनला मीटर डीसी मिलीव्होल्टवर, ट्रान्सफॉर्मरला एसीवर. एक जण जाड पट्टीवर १२० अ‍ॅम्पियरने सलग रॉड ओढतो, दुसरा कोरडे हातमोजे घालून मीटरचं एक टोक स्टडच्या माथ्यावर आणि दुसरं थिंबलाच्या नळीवर टेकवतो. दोन्ही टोकं एकाच लीडवर हवीत, चुकून होल्डर आणि अर्थिंगच्या मध्ये नको. टिग वेल्डिंगची हाय फ्रीक्वेन्सी चालू असेल तर हे करू नका, मीटर जळतो.

३५ स्क्वेअरच्या अर्ध्या मीटर केबलवर १२० अ‍ॅम्पियरला साधारण ३३ मिलीव्होल्ट पडतात. चांगल्या जोडावर याहून कमी दिसलं पाहिजे. शंभर दिसले तर त्याच दिवशी उघडा. पाचशेच्या पुढे गेले तर काम तिथेच थांबवा.

मीटर नसेल तर हात आहे. आमच्या शेडमध्ये आठवडी सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी शेवटचा रॉड संपला, की मेन स्विच पाडतो आणि लगेच प्रत्येक जोडावरून हात फिरवतो: स्टड, कनेक्टर, होल्डरचं मागचं टोक, क्लॅम्प. आधी हाताची पाठ जवळ नेऊन धग लागते का ते बघायचं, मगच बोटं टेकवायची. केबलपेक्षा जो जोड जास्त गरम लागेल त्यावर खडूने फुली मारतो. सुट्टीनंतर पहिला रॉड लावण्याआधी फुलीचे जोड उघडले जातात.

या कामाच्या पेटीत काय असतं तेही सांगतो: ३५ आणि ५० ची आठ-दहा थिंबलं, स्लीव्हचे तुकडे, तांब्याचा पातळ पत्रा, अ‍ॅलन की, स्प्रिंग वायसर, कनेक्टरची एक नवी जोडी आणि बारीक पॉलिश पेपर. पेटी वेल्डरच्या टेबलाखाली असते, कुलूप लावत नाही. अर्ध्या तासाचं काम असतं, आणि सामान हाताशी असलं की कोणी ते उद्यावर ढकलत नाही.